ओकदोल योंगगाम झाला

दरबारातल्या तिसऱ्या पायरीवरचा अधिकारी म्हणजे योंगगाम. ओकदोल बुरुडाने जन्मात एकच योंगगाम पाहिला होता, तोही कपाळ मातीला टेकवून. म्हणजे खरे तर नुसते त्याचे जोडेच.

पण ऐंशी वर्षे पुरी केलेल्याला, मग तो बुरूड का असेना, राजा नववर्षाला तोच मानाचा हुद्दा देत असे. त्या हिवाळ्यात ओकदोल ऐंशीचा झाला. खोकल्याने त्याचा पार सापळा झाला होता. येत्या नववर्षाच्या पुढचे तो बघेल असे त्याची बायको गानान हिला वाटत नव्हते. ऐंशी पुरे केलेल्यांची यादी राजधानीला निघायची होती त्या दिवशी, त्याला अंथरुणातच ठेवून, ती एकटीच कचेरीत गेली.

बांग कारकुनाने जन्मनोंदीची वही उघडली. "सत्त्याहत्तर. तीन वर्षांनी या, आजी."

"वही खोटं बोलतेय. सोळाव्या वर्षापासून पुरुषाला लष्कराच्या करापोटी कापड द्यावं लागायचं. घरात नेसायला नव्हतं, तर सासूबाईंनी पोराची तीन वर्षं चोरली."

"सरकारी वहीत खोटं? फटके पडतात त्याला."

"मग आणा त्यांना थडग्यातून उठवून! मलाही दोन शब्द बोलायचेत त्यांच्याशी."

बाहेर थांबलेले लोक खो खो हसले. बांग चिडला. "पुरावा आहे का काही?"

गानानने कमरेची पुरचुंडी सोडली. लग्न ठरले तेव्हा सासरहून आलेला कागद त्यात होता. नवऱ्याचे जन्मवर्ष, महिना, दिवस, घटका. बायकोने तो पेटीच्या तळाशी जपायचा आणि मेल्यावर थडग्यात सोबत घेऊनच जायचे, अशी रीत. बासष्ट वर्षांत तिने तो कुणाला दाखवला नव्हता.

"घोड्याचं वर्ष," बांगने वाचले. प्राण्यांच्या नावांची वर्षे त्याने बोटांवर मोजली; ऐंशी भरत होती. "हे काय, काल रात्रीसुद्धा लिहून घेता येतं."

"कोणाकडून? आमच्या आळीत लिहिता कुणाला येतं? अक्षर नीट बघा. भाताची दारू दोन वाडगे प्याल्याशिवाय तुमचे आजोबा लेखणी उचलत नसत. तिसरी ओळ वाकडी गेलीय, बघा."

बांगने कागद उजेडाला धरला. त्याच अक्षरावरून बोट फिरवत तो लहानपणी लिहायला शिकला होता. तो उठला, आणि त्याने दोन्ही हातांनी कागद कपाळाला लावला. "हा यादीला जोडावा लागेल, आजी. परत मिळायचा नाही."

गानानचा हात क्षणभर कागदावर राहिला. मग तिने हात काढून घेतला. "जोडा."

नववर्षाच्या नवव्या दिवशी लाल शिक्क्याचे फर्मान आले. ढोल वाजवत बांग स्वतः घेऊन आला आणि चिखलातच गुडघे टेकून वाकला. ओकदोल ओसरीवर टोपलीचा काठ वळत बसला होता.

"योंगगाम!" गानानने हाक मारली.

ओकदोल घाईघाईने खाली उतरला, कपाळ टेकायला वाकला, आणि मान वळवून मागे बघू लागला. "कुठंय? कोण आलंय?"

"तुम्हीच, अहो! उठा, गुडघे मळतील."

तो इतका हसला, की त्या दिवशी खोकलासुद्धा मागे पडला. फर्मान त्याने तिच्याच हातात दिले. "पेटीच्या तळाशी ठेव. तिथली जागा रिकामी झालीय ना?"

दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारणीने विचारले, "आमच्या ह्यांना सत्तरावं लागलंय. आत्तापासून योंगगाम म्हटलं तर चालेल का गं?"

"म्हण की," गानान घडा डोक्यावर ठेवत म्हणाली. "शिक्का मी मारते!"

तेव्हापासून आमच्याकडे म्हातारी आपल्या म्हाताऱ्याला योंगगामच म्हणते.