वरच्या मजल्याचं पाणी

दशरथने मशीनला एका बाजूने खांदा लावला, लवूने दुसऱ्या बाजूने, आणि दोघांनी ती मोरीच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढली. मागच्या फरशीवर धुळीचा चौकोन जमला होता. त्यात कपड्यांना लावायचा प्लास्टिकचा एक चिमटा पडला होता, निळा, एका बाजूला तुटलेला. दशरथने तो उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि खिशात टाकला.

"काय झालं काय नक्की?" लवूने पाना काढला. लवू गोडदेव गावातला. मिक्सर, पंखा, मशीन, जे बंद पडेल ते बघायचा.

"बटण फिरवलं की नुसती घुमते. आतली चकती जागची हलत नाही. मग जळका वास आला," दशरथ म्हणाला. "अगदी छान चालत होती. चंपा गेली त्या आठवड्यापर्यंत रोज चालत होती." मग त्याने स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि आवाज जरा चढवला. "एखादी गोष्ट येत नसेल तर माणसाने विचारावं आधी."

आत मिनल भाकरी थापत होती. सून सातव्या महिन्यात होती. थापण्याचा आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

त्याच्या बायकोला, चंपाला, जाऊन दोन महिने होत आले होते. ब्याण्णव साली डॉक्टरांनी तिच्या हृदयाची झडप खराब असल्याचं सांगितलं, आणि बजावलं की वजन उचलायचं नाही, वाकून कपडे धुवायचे-पिळायचे नाहीत. दशरथ स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर उभा असायचा. संध्याकाळी त्याची पॅन्ट काळ्या भुकटीने इतकी ताठ व्हायची की भिंतीला टेकवली तर उभी राहील. त्याच महिन्यात त्याने कारखान्यातून उचल घेतली आणि मशीन आणली. त्यांच्या विंगमधली पहिली मशीन. शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या.

तेव्हापासून रोज घरी आल्यावर चप्पल काढता काढता तो विचारायचा, "चालली का गं मशीन?"

"चालली हो," चंपा म्हणायची.

रविवारी तो घरी असायचा. त्या दिवशी मशीन बंद. "आज तिलापण सुट्टी," चंपा म्हणायची, आणि तो दर वेळी हसायचा.

तेराव्याला पाहुणे आले, समजूत काढून गेले. त्या सगळ्यांना दशरथने एकच गोष्ट सांगितली. दवाखाने झाले, औषधं झाली, ते काही कामाला आलं नाही. पण पाच वर्षं तिला कपडे पिळू दिले नाहीत मी. हे सांगताना त्याचा आवाज सरळ राहायचा. दुसरं काही बोलायला गेला की राहायचा नाही.

आणि मग मिनलने मशीन बिघडवली. त्याला तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे तो सुनेशी धड बोलला नव्हता, बोलला तेव्हा टोचून. नीलेशने, त्याच्या मुलाने, स्टेशनजवळच्या दुकानात जुनी देऊन नवी घ्यायचं ठरवलं होतं. टेम्पो उद्या येणार होता. "तुझ्या आईची मशीन भंगारात जाणार नाही," असं म्हणून दशरथने आज अर्धी रजा टाकली आणि लवूला बोलावून आणलं.

लवूने मागचं झाकण उघडलं. बॅटरी दातांत धरून आत डोकं घातलं.

"पाणी गळायचं का कधी?"

"थेंब नाही. उलट या मशीनवरून भांडण झालंय माझं." दशरथ पाटावर बसला. "खालच्या सुलूवहिनी रोज ओरडायच्या, तुमच्या कपड्यांचं पाणी आमच्या पापडांवर पडतं म्हणून. मी सोसायटीच्या मिटिंगमध्ये उभा राहिलो. म्हटलं, आमचे कपडे मशीनमधून पिळून निघतात. पाणी गळतं ते वरच्या मजल्यावरच्यांचं. त्यांना विचारा. सगळे गप्प. तेव्हापासून त्या बोलत नाहीत आमच्याशी."

"हं," लवू म्हणाला. त्याने पाणी सोडायचा पाइप ओढून बाहेर काढला. पाइपाच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली होती आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली. लवूने ती बोटाने दाबून पाहिली. मग तो पुढे आला, टबाचं झाकण उचललं आणि आत हात फिरवला.

"काका, तुम्ही पॉलिशवर ना?"

"हो. का?"

"नखांवरून कळतंय. तुमचे कारखान्याचे कपडे यातच धुवायचे?"

"यातच. दुसरीकडे कुठे?"

"मग हा टब पांढरा कसा हाय?"

दशरथ उठून जवळ आला. लवूने बॅटरी आत धरली. टब पांढरा होता, दुकानातून आला तसा. फक्त वर, काठापासून चार बोटं खाली, गोल पिवळी रेघ होती. पिंपात पाणी भरून ठेवलं की जशी पडते तशी.

"साबण लागलाच न्हाय याला," लवू म्हणाला. "मागे पट्टा बघा, नवा कोरा हाय. दोन-चार वेळा चालली असेल, बस. यात पाणी भरून ठेवत होते घरात. आपल्या निम्म्या नवघर गावात हीच गंमत हाय, दिवसाआड पाणी म्हटल्यावर बाया करतील काय? झाकण असतं, डास न्हाय होत. पण खालून झिरपून झिरपून मोटर गंजली. ज्याने कोणी बटण फिरवलं, त्याचा काही दोष न्हाय. ती फिरणारच नव्हती."

दशरथ टबाच्या काठाला धरून उभा होता.

"मोटर बदलू?"

"राहू दे."

लवूने झाकण लावलं, अवजारं पिशवीत भरली. दशरथने पैसे पुढे केले तर त्याने नकोत म्हणून हात हलवला आणि जिना उतरला.

भाकरीचा आवाज केव्हाच थांबला होता. मिनल मोरीच्या दारात उभी होती, पिठाचे हात पदराला लागणार नाहीत असे धरून.

"तुला माहीत होतं?"

"लग्न होऊन आले त्या आठवड्यातच दिसलं. ही मशीन एका वेळेला तीनदा भरावी लागते, बाबा. आई म्हणाल्या, तेवढ्या पाण्यात माझं घर दोन दिवस चालतं. तुमच्या संध्याकाळच्या दोन बादल्या यातूनच निघायच्या."

कारखान्यातून आलं की त्याला दोन बादल्या लागायच्या. एकीत अंगाची भुकटी सुटायची नाही. बादल्या मोरीत भरून ठेवलेल्या असायच्या. कुठून येतात हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"मला वाटलं, आता वाकवत नाही तर मशीन चालू करून बघावी," मिनल म्हणाली. "रिकामी केली आणि बटण फिरवलं."

"मग मी एवढं बोललो तेव्हा सांगायचं नाही?"

"आईंनी सांगितलं होतं, यांना कळू देऊ नकोस. दिवसभर चाकावर उभे असतात, घरी येऊन तेवढं एकच विचारतात."

दशरथने मान हलवली.

संध्याकाळी नीलेश घरात शिरला तो तयारीनेच. "बाबा, उद्या टेम्पो येतोय. आता परत सुरू करू नका."

"येऊ दे," दशरथ म्हणाला. "मशीन आधीपासून बिघडलेली होती. मिनलला मी उगाच बोललो."

नीलेशने बायकोकडे पाहिलं. ती ताटं घेत होती. "आधीपासून म्हणजे?" त्याने विचारलं. दशरथने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी त्याने कारखान्याची पॅन्ट मोरीत घेतली. पिंपातून मोजून एक बादली काढली. साबण लावला, ब्रश मारला. पाणी शाईसारखं काळं निघालं. दुसऱ्यांदाही काळंच. भिजलेली पॅन्ट उचलली तेव्हा ती एवढी जड असते हे त्याला पहिल्यांदा कळलं. पिळायला गेला तर एक टोक पिळलं की दुसरं सुटायचं.

"बाबा, ठेवा तिथेच," मिनल दारातून म्हणाली.

"तू हात लावू नकोस."

"मग नळाला अडकवा. आई नळाला अडकवून पिळायच्या."

त्याने नळाकडे पाहिलं. हा नळ कायम ढिला व्हायचा. दर दोन-तीन महिन्यांनी पाना घेऊन तो आवळायचा आणि बसवणाऱ्या प्लंबरला शिव्या घालायचा. मग चंपा मागे उभी राहून म्हणायची, "जाऊ द्या हो, बिचारा."

त्याने पॅन्ट नळाला अडकवली. एक पीळ दिला, दुसरा दिला. नळ हलला. त्याने पॅन्ट काढून घेतली, तशीच निथळत गॅलरीत नेली आणि दोरीवर टाकली. खिशातला निळा चिमटा काढून लावला. तुटका होता, पण धरला.

खालच्या गॅलरीत ताटांचा आवाज झाला.

"कुणाचं पाणी हे? सकाळी सकाळी पापड घातलेत मी!"

दशरथने कठड्यावरून खाली पाहिलं. सुलूवहिनी मान वर करून उभ्या होत्या. त्याला पाहून सवयीने एक पाऊल मागे सरकल्या. चंपा गेली त्या दिवशीही त्या दारापर्यंत आल्या होत्या, आत आल्या नव्हत्या.

"आमचं आहे, वहिनी," तो म्हणाला.

त्या बघत राहिल्या.

"आधीचंपण आमचंच होतं."

पॅन्टचं पाणी टपटपत होतं. सुलूवहिनींनी एक थेंब हातावर घेतला, बोटाने पुसला. मग खाली वाकून त्यांनी पापडांचं ताट भिंतीकडे सरकवलं.