बिनमिठाचे पापड

पिंपळनेरच्या सुकदेवनानांचं हृदय अशक्त झालं, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं. "मीठ खाल तर अंगात पाणी साचेल, श्वास कोंडेल," असं बजावलं. नानांनी लोणचं सोडलं, ठेचा सोडला, जगण्याची निम्मी आशाही सोडली. पण पापड आठवला की त्यांचे डोळे भरून येत. पापडाशिवाय जेवण म्हणजे त्यांच्या मते औषधाचाच एक प्रकार.

बायकोला, तानुबाईला, हे बघवेना. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया उडदाचे पापड लाटायला जमल्या, तेव्हा तिनं नानांसाठी पीठ वेगळं भिजवलं. त्यात चिमूटभरही मीठ नाही. सुंदरबाई अक्कांच्या परवानगीशिवाय गल्लीत पापड वाळत नसे. अक्कांनी लाटी चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"माती शे ही! मीठ नही ना? मंग पापडखार दुप्पट टाक. पापड फुलना तं पाहिजे."

खार दुप्पट पडला. पापड असे फुलले की अक्कांना स्वतःचंच कौतुक वाटलं. नाना दोन्ही वेळा खाऊ लागले. थोड्याच दिवसांत नानाही फुलले. पायात चप्पल जाईना, आडवं झालं की धाप लागे. शेवटी धुळ्याला भरती करावं लागलं.

तानुबाई औषधं आणायला खाली गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "नाना, खाल्लंत काय?"

"घरचंच. मिठाचा कणही नाही."

"फक्त मीठ नाही हो. खाण्याचा सोडा, पापडखार, पाकिटातला खाऊ टिकवायला घालतात ते; मिठातला जो सोडियम तुम्हाला बाधतो, तो या सगळ्यात असतो. पापड तर खात नाही ना?"

तेवढ्यात तानुबाई दारात आली. तिनं काहीच ऐकलं नव्हतं. उन्हानं तिचा चेहरा अजून रापलेलाच होता. नानांनी तिच्याकडे पाहिलं.

"शेव," ते म्हणाले. "स्टँडवरची. चोरून."

डॉक्टर ओरडले. तानुबाई तर वॉर्ड हादरेल एवढी ओरडली, "मी तुमनासाठे उनमा पापड लाटात, नी तुम्ही शेव खादी!" शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनंही नानांना चार शब्द सुनावले.

घरी आल्यावर ती बोलेना. ताट मात्र वाढी, त्यात भाजलेले दोन पापड. नानांनी एकदा ताट सरकवलं.

"शेव गोड लागस," ती भिंतीला म्हणाली.

नानांनी दोन्ही पापड खाल्ले. कुरकुर ऐकून तानुबाईचा चेहरा जरा निवळला. त्या रात्री नाना उशाला तीन उशा लावून बसून होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट आलं. आता ती हसतही होती. नानांनी पापड हातात घेतला, खाली ठेवला आणि डॉक्टरांचं बोलणं सगळं सांगून टाकलं.

तानुबाईनं त्यांच्यापुढचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"तुमले कव्हय माहीत पडनं?"

"दवाखानामा."

"नी तरी काल दोन खादात?"

"तुना राग उतरेच ना."

ती रडली नाही. नानांच्या पायाशी बसली आणि अंगठ्यानं त्यांची सुजलेली नडगी दाबली. खोल खड्डा पडला. अंगठा उचलून तो भरून येण्याची वाट बघत ती तशीच बसून राहिली.