बाबांच्या सोयीचं कार्ड

माझ्या नवऱ्याला साधी चप्पल घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालावी लागतात. त्यामुळे बाबांसाठी क्रेडिट कार्ड निवडायचं ठरलं तेव्हा माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यांमुळे आमच्या टेबलावर ताट ठेवायला जागा उरली नाही. एका कार्डावर पेट्रोल स्वस्त, एकावर विमानतळावर फुकट खाणंपिणं. बाबांचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे घरापासून बसथांब्यापर्यंत. मी तसं म्हटलं, तर त्याने माझ्यावरच डोळे वटारले.

बाबा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म त्यांनी कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या घासल्या. सासूबाई गेल्यावर ते आपल्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते आणि तिथून हलायचं नावही काढत नव्हते. पण अलीकडे ते विसरायला लागले होते. पाकीट दुकानात राहायचं, एकाच भाजीचे पैसे दोनदा दिले जायचे. नणंदेचं म्हणणं, खोल्या सोडा आणि त्यांना तुमच्याकडे आणा. नवऱ्याने मधला मार्ग काढला. रोख पैसे बंद, कार्ड सुरू. कार्ड नीट सांभाळलं तर बाबा आपल्या घरात राहतील, गडबड झाली तर खोल्या सोडायच्या. बाबांनी ते मुकाट्याने कबूल केलं. ते असे मुकाट्याने काही कबूल करतात तेव्हा मला धडकीच भरते.

शेवटी ठरलं ते नवऱ्याच्याच खात्याला जोडलेलं कार्ड. वार्षिक फी नाही, मर्यादा छोटी, आणि बाबांनी काडेपेटी घेतली तरी मेसेज नवऱ्याच्या फोनवर. त्यांच्या गरजेला हे अगदी चपखल आहे, असं तो म्हणाला. गरज नक्की कुणाची, हे मी विचारलं नाही. उगाच तोंडाला तोंड नको.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. बाबांनी ब्रेड घेतला की याचा फोन वाजायचा. एखाद्या दिवशी दूध घेतलं नाही, तर हा तिकडे फोन करून दूध का नाही म्हणून विचारायचा. एकदा बाबांनी मलाच गाठलं. मी काय खातो ते याला कसं कळतं, असं विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, "म्हणजे दुसरी किल्ली त्याच्याकडे आहे."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बँकेच्या मशीनवर जाऊन पिन बदलला. त्यांची ती जुनी सवय. नंबरचं कुलूप हातात आलं की आधी त्याचा नंबर बदलायचा, आणि तो कुठेही लिहून ठेवायचा नाही. लिहिलेला नंबर म्हणजे उघडं दार, असं ते गिऱ्हाइकांनाही बजावायचे. मला फोन करून त्यांनी ही बातमी दिली तेव्हा आवाजात पोरासारखा आनंद होता. नवऱ्याचा मात्र तिळपापड झाला. मेसेज तर तुलाच येतात ना, असं म्हणून मी त्याची समजूत घातली.

त्यानंतर एका दुपारी मी कामावर असताना नवऱ्याचा फोन आला. पिन चुकला, पुन्हा चुकला, पुन्हा चुकला, आणि कार्ड बंद पडलं. दुकान औषधांचं, बाजाराच्या पार पलीकडचं, जिथे बाबा कधी जात नाहीत. तो स्वतः बाहेरगावी होता. मला जायला सांगून तो फक्त एवढंच म्हणाला, "संपलं आता."

बाबा दुकानात स्टुलावर बसले होते. दुकानातल्या बाईंनी त्यांना पाणी दिलं होतं. समोर एक टूथपेस्ट पडली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "आपण इथल्याच का?"

पण लगेच त्यांचा चेहरा बदलला, आणि काम सोडून कशाला आलीस म्हणून ते माझ्यावर डाफरले. ते आधीचं वाक्य मी ऐकलंच नाही असं दाखवलं. टूथपेस्टचे पैसे देऊन त्यांना बाहेर आणलं आणि नवऱ्याला फोन लावला. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला.

"मुद्दाम चुकीचा नंबर टाकत होतो," ते म्हणाले. "मशीन कितव्यांदा दार लावून घेतं ते बघायचं होतं."

पलीकडून हसू फुटलं. इतकं मोकळं हसताना मी नवऱ्याला कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या कुलपांची परीक्षा घेणारा माणूस, तो दुसरं काय करणार? नवं कार्ड मागवू, खोल्यांचं राहू दे, असं तो म्हणाला. फोन परत देताना बाबांनी मला डोळा मारला. मलाही ते खरं असावंसं वाटत होतं. त्यांच्या घरापर्यंत मी ते खरं मानून चालले.

दारात त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. दाराचं कुलूप त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं. एक किल्ली लावली, लागली नाही. दुसरी लावली. तिसरी लावली. मग पुन्हा पहिली. ज्या माणसाला अख्खा मोहल्ला अडल्यावेळी बोलवायचा, तो आपल्याच दारात घाम पुसत उभा होता. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

शेवटी त्यांनी जुडगा माझ्यापुढे धरला. "तू उघड. चष्मा नाही माझ्याकडे."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी एकेक किल्ली लावून बघितली आणि दार उघडलं. ते आत जाऊन बूट न काढताच पलंगावर बसले.

"याचा मेसेज त्याला जात नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. याचा नाही जात."

"मग तूही कळवू नकोस."

नाही कळवत, असं मी म्हणाले. त्यांच्या पायांतले बूट काढले, पांघरूण घातलं. मग चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले, दार लोटून घेतलं आणि नवऱ्याला फोन लावला. घंटा वाजत होती, आणि बाबांचा जुडगा अजून माझ्याच हातात होता.