तो दुधाचा दात नव्हता

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वीस झाले होते. घाटकोपरला डॉक्टर मानसींच्या दातांच्या दवाखान्यात मी एका पेशंटशेजारी उभी होते. बारा वर्षं झाली, मी तिथे त्यांच्या हाताखाली काम करते. फोनवर चंद्रप्रकाश सर होते. मुलुंडच्या आमच्या क्लबमध्ये ते उन्हाळी शिबिरात मुलांना स्केटिंग शिकवतात. माझी मुलगी रुचिरा, वय वर्षं नऊ, महिनाभर तिथे जात होती.

"टेन्शन घेऊ नका हां, कल्पिता मॅडम. रुचिरा जरा पडली. दुधाचा दात होता, निघाला. बर्फ लावलाय, रक्तपण थांबलंय. नेहमीसारखं साडेबाराला न्यायला आलात तरी चालेल."

"कुठला दात?"

"समोरचा. वरचा."

नऊ वर्षांच्या मुलीचा वरचा समोरचा दात दुधाचा नसतो. रुचिराचा तो दात दोन वर्षांपूर्वी आला होता, आणि पुढे म्हातारपणापर्यंत तिला तोच वापरायचा होता.

"कधी पडली?"

"झाला असेल पाऊण तास."

"पाऊण तास झाला आणि तुम्ही मला आत्ता सांगताय? दात कुठाय?"

"टिश्यूत गुंडाळला होता... टाकला असेल कोणीतरी."

"सर, तो दात शोधा. आत्ताच्या आत्ता. मुळाला हात लावू नका, घासू नका, कँटीनमधून कपभर दूध घ्या आणि त्यात बुडवून ठेवा. तो परत बसवता येतो. कळतंय का?"

"मॅडम, माझ्याकडे चाळीस पोरं आहेत. मी काय कचऱ्यात हात घालू आता?"

आणि त्यांनी फोन ठेवला.

मी किती मोठ्याने बोलत होते ते खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडावरून मला कळलं. डॉक्टर मानसींनी सगळं ऐकलं होतं. "जा तू," त्या म्हणाल्या. "दात मिळाला तर तिला घेऊन सरळ इथे ये. मी जेवायला जात नाही."

रिक्षातून मी सरांना तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा त्यांनी कट केला. मेट्रोच्या कामाने रस्ता अर्धा झालेला, रिक्षा कांजूरला अडकली, आणि मी घड्याळाकडे बघत बसले. मुळापासून निघालेला दात अर्ध्या तासात जागेवर गेला तर बहुतेक वाचतो. कोरडा राहिला आणि तासावर गेला, की संपलं. दर मे महिन्यात मी हे दुसऱ्यांच्या आईबापांना सांगते. सुट्टी लागली की पोरं सायकलवरून पडतात, स्विमिंग पूलच्या काठावर आपटतात, आणि दात घरी विसरून आमच्याकडे येतात. म्हणून तर डॉक्टरांनी रुचिराच्या दातांचं माप घेऊन तिला गार्ड बनवून दिलं होतं. निळं, रबरासारखं, वरच्या दातांवर घट्ट बसणारं. गार्ड तोंडात असताना दात मुळासकट निघाला कसा, हे मला काही केल्या कळेना.

क्लबवर पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. रिंकवर गाणी मोठ्याने लागलेली. मुलं गोल गोल फिरत होती आणि मधोमध एक माणूस मोबाईल घेऊन त्यांचं शूटिंग करत होता. एकाही मुलाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. रुचिरा पायरीवर एकटी बसली होती. ओठ सुजून वर आलेला, टी-शर्टवर रक्त. शेजारी गार्डची डबी होती. उघडून बघितली, तर गार्ड आत.

"हे का काढलंस?"

"थरांनी थांगितलं." तिला नीट बोलताही येत नव्हतं. "व्हिडिओ काढत होते. गार्ड घालून हथलं की निळं निळं दिथतं म्हणाले. थगळ्यांना हेल्मेटपण काढायला लावलं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठले. झाडू मारणाऱ्या रत्नप्रभा मावशी तिथेच होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, रिंकजवळचा डबा मघाशीच मागच्या ड्रममध्ये ओतला. मी तो ड्रम ओढत आणला आणि पायऱ्यांपाशी आडवा केला. वेफर्सची पाकिटं, ज्यूसचे खोके, आंब्याच्या साली, सगळं फरशीवर पसरलं. मी गुडघ्यावर बसून एकेक टिश्यू उलगडायला लागले.

चंद्रप्रकाश सर धावत आले. "मॅडम, हे काय चाललंय? शूटिंग चालू आहे इथे!"

"चालू दे की. मला पण घ्या त्यात. माझ्या मुलीचा दात मी तुमच्या कचऱ्यातून काढतेय, ते नीट जवळून घ्या."

"तुम्ही ओव्हररिॲक्ट करताय."

मी मान वर केली नाही. वर केली असती तर हातातली साल त्यांच्या तोंडावर बसली असती. रत्नप्रभा मावशी माझ्या शेजारी बसल्या आणि शोधायला लागल्या. त्यांनाच दात सापडला. मुळाला टिश्यूचा कागद चिकटून वाळला होता. त्याच उठून कँटीनमधून स्टीलच्या पेल्यात दूध घेऊन आल्या. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. रुचिरा पडली होती साडेदहाच्या सुमाराला.

दवाखान्यात डॉक्टर मानसींनी दात हळूहळू साफ केला, जागेवर बसवला आणि बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधला. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं होतं ते विचारून घेतलं. मग मला बाहेर बोलावलं.

"तुला काय सांगू, कल्पिता? तुला सगळं माहीत आहे."

"तरी सांगा."

"मुळावरच्या पेशी मेल्या असणार. दोन आठवड्यांत रूट कॅनल करू. हाड टिकावं, जागा राहावी म्हणून बसवलाय. काही वर्षांत मूळ विरघळत जाईल आणि दात पडेल. पंधरा-सोळाची होईपर्यंत टिकला तर नशीब."

"लगेच दुधात ठेवला असता तर?"

"तर मी हे बोलत नसते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

घरी मी तिला मऊ दहीभात कालवून दिला. दोन चमचे खाऊन तिने ताटली सरकवली.

"तू थगळ्यांथमोर कचरा ओतलाथ. थगळे बघत होते. मला लाज वाटली."

दिवसभराचा संताप अंगात तसाच होता, आणि तो नको तिथे बाहेर पडला. "आणि तू गार्ड का काढलंस? कितीदा सांगितलं होतं तुला?"

"तूच म्हणालीथ, थरांचं ऐकायचं! पहिल्या दिवथी. त्यांच्याथमोर म्हणालीथ!"

म्हणाले होते. शिबिराच्या दारात, सरांकडे बघून हसत, अगदी ह्याच शब्दांत. रुचिरा रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी शिबिराच्या पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. सुरुवातीलाच रुचिरा. कॅमेऱ्याकडे वळून हसतेय, समोरचे दोन्ही दात शाबूत. पुढच्याच फेरीत ती पडली असणार. खाली सरांनी लिहिलं होतं, 'आमचे हसरे चॅम्पियन्स!' त्याखाली बदाम आणि टाळ्या.

माझा नवरा नितेश नुकताच कामावरून आला होता. तो अंधेरीला विमानतळाच्या कार्गोत आहे, आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नाही. "आज काही लिहू नको ना. उद्या शांतपणे जाऊन बोलू," तो म्हणाला.

"तू बोल शांतपणे. माझ्याकडे नाहीये ती शांती."

मी ग्रुपवर सगळं लिहिलं. गार्ड, हेल्मेट कोणी काढायला लावलं, फोन किती उशिरा आला, दात कुठे सापडला. आधी एका आईने लिहिलं, 'मुलं पडणारच. सरांना टार्गेट करू नका.' लगेच खाली दुसरीचा मेसेज आला, 'एक मिनिट. माझ्या मुलाचंपण हेल्मेट काढलं होतं?'

सकाळी मी सुट्टी टाकून क्लबच्या ऑफिसात गेले. दहा-पंधरा पालक आले होते. क्लबचे सेक्रेटरी काशीराम घाडी, सत्तरीचे, मूळचे मालवणकडचे. "आदी बस गो बाय," त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

"अपघात आहे तो," सरांनी सुरुवात केली. "खेळात मुलं पडतात."

"पडण्याबद्दल मी एक शब्द काढलेला नाही. पडेल म्हणूनच गार्ड दिलं होतं. ते तुम्ही व्हिडिओसाठी काढायला लावलंत. चाळीस पोरांची डोकी उघडी टाकलीत, कशासाठी, तर हसू चांगलं दिसावं म्हणून!"

"दात परत बसतो हे मला काय माहीत? मी डॉक्टर आहे का?"

"मी फोनवर सांगितलं ना तुम्हाला! दूध म्हटलं, शोधा म्हटलं. तेव्हा तर कळलं होतं? त्यानंतर पन्नास मिनिटं तुम्ही शूटिंग केलंत."

काशीरामकाकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिना फोनवर सांगल्यान होता तुका?"

"हो, पण..."

"मगे सोधलंस कित्याक नाय?"

शोधला का नाही, हे काकांनी दुसऱ्यांदा विचारलं, जास्त मोठ्याने. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

शिबिराचे आठ दिवस उरले होते. काकांनी स्केटिंग त्याच दिवशी बंद केलं आणि चंद्रप्रकाश सरांना पुन्हा बोलावणार नाही असं सगळ्यांसमोर लिहून दिलं. हेल्मेट आणि गार्ड नसेल त्या मुलाला रिंकवर सोडायचं नाही, असा बोर्डही लागला. काही पालक माझ्यावरच चिडले, माझ्यामुळे पोरांची सुट्टी वाया गेली म्हणून. त्यातली एक जण आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, आता लिफ्टमध्ये भिंतीकडे बघत उभी राहते. राहू दे.

रूट कॅनलच्या दिवशी रुचिरा खूप रडली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "मी चुकीचं शिकवलं तुला. कुठल्याही मोठ्या माणसाने धोक्याचं काही करायला सांगितलं तर ऐकायचं नाही. सर असू दे, नाहीतर मी." तिने मान डोलावली, पण माझा हात धरला नाही. ते व्हायला आणखी तीन दिवस गेले.

सरांचा माफीचा मेसेज आला तो नितेशच्या फोनवर. मला पाठवायची हिंमत झाली नसावी. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे,' एवढंच. नितेशने तो मला वाचून दाखवला. त्याची मान, कान लाल होत गेले. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

"गैरसोय म्हणतो साला," तो म्हणाला, आणि त्याने सरळ फोन लावला.