पोत्याला पट्टा लावा

जुन्या सुती कापडात गुंडाळलेली एक वीट. गाडीच्या डिकीत, जॅकच्या शेजारी. कोणी कधी विचारलं नाही, कोणी फेकलीही नाही.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. उघडला की वास टाल्कम पावडरीचा.

ड्रायव्हरच्या सीटवर तांदळाचं पोतं, पोटावरून पट्टा बांधलेलं.

जमिनीखालून आलेला एक आवाज: "हसू नका रे, गाडी हलते!"

आईचं वाक्य: "जाईन तर आपल्याच गाडीतून. नाहीतर मी इथेच बरी."

टक्. वळणावर टक्. खड्ड्यात टकटक.

टकटकीपासूनच सांगितलेलं बरं.

गाडी वयाने थोरलीपेक्षा लहान आणि धाकट्यापेक्षा मोठी, म्हणजे तिसऱ्या भावंडासारखीच. पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी हातांच्या मुळाशी रबराचे बुश असतात, जाड बांगडीएवढे. रस्त्याचे धक्के ते गिळतात आणि एक दिवस झिजून जातात. मग लोखंडावर लोखंड आपटायला लागतं. आईला त्या टकटकीचं काही नव्हतं, पण प्रत्येक टक् तिच्या गुडघ्यात वाजायचा. तिला मावशीकडे राहायला जायचं होतं, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दुसऱ्या गाड्यांत तिला चढताही यायचं नाही आणि उतरताही. या गाडीचं रुंद दार, बसकी सीट आणि वरची मूठ तिच्या गुडघ्यांना पाठ होती. मावशी फोनवर रोज विचारायची, "निघालीस का गं?" आणि ऐंशी ओलांडलेल्या बहिणीला रोज "उद्या" सांगणं काही चांगलं नव्हे.

बुश कुठे मिळतील, ते थोरलीला ठाऊक होतं. पण मागायचं कोणी?

बाबांनी जाण्याआधी वाटणी स्वतःच्या हाताने केली होती. थोरलीला गाडीची किल्ली, धाकट्याला तो बिस्किटांचा डबा. धाकट्याने झाकण उघडलं तर आत रबर चिकटू नये म्हणून पावडर चोपडलेले बुश, बाबांनी कधीकाळी घेऊन ठेवलेला शेवटचा सेट. "तिला गाडी आणि मला खोडरबर!" एवढंच तो बोलला. बाबा गेल्यावर घराची पायरी म्हणून चढला नाही.

तेव्हा थोरलीने बाजार पालथा घातला. पार्टच्या गल्लीत एक दुकानदार होता, त्याला सगळे 'चष्मा' म्हणायचे, कारण त्याचा चष्मा कायम कपाळावरच असायचा. मागच्या खेपेला बाबांनी काढून ठेवलेला फाटका बुश तिने काउंटरवर ठेवला.

"ताई, या गाडीचे पार्ट आता फक्त स्वर्गात मिळतात."

"मग आमच्या बाबांना कळवते. तिकडेच आहेत."

चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्याने चहा मागवला, चार फोन लावले आणि हात टेकले. शेवटी एका भंगारवाल्याने रबर ओतणाऱ्या कारागिराचा पत्ता दिला. त्याने नमुना बघून नवे बुश ओतले. दिसायला हुबेहूब.

थोरली शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. पाना हातात घ्यायला तिला कोणाची भीती नव्हती. बाबांच्या ओळखीच्या मिस्त्रींनी सुट्टीच्या दिवशी गॅरेजची किल्ली तिच्या हातात दिली. तिने गाडी जॅकवर उचलली, चाकं काढली, जुने बुश ठोकून बाहेर काढले, साबणाचं पाणी लावून नवे दाबून बसवले, बोल्ट जीव खाऊन आवळले. टकटक गेली. थोरलीची मान चार बोटं वर गेली.

मावशीकडे जायची पिशवी भरून होते न होते तोच टक्. बघते तर नवे बुश चिरलेले.

"रबरच कुचकं," ती घरी येऊन म्हणाली.

आई शेंगा सोलत होती. तिने वरही पाहिलं नाही. "आवळताना आम्हाला कुठे बसवलंस?"

"काय?"

"बाबा आवळायचे तेव्हा आपण गाडीत बसायचो ना?"

ते बसणं थोरलीला आठवत होतं, चांगलंच. सुट्टीची सकाळ, गॅरेजमधल्या खड्ड्यावर उभी गाडी. पुढे आई, मागे ती आणि धाकटा. बाबा खड्ड्यात उतरलेले, म्हणून त्यांच्या सीटवर तांदळाचं पोतं. "बाबांना पट्टा लावा!" धाकटा ओरडायचा. पोत्याशी दोघं बोलायची, पोत्याकडे खाऊ मागायची, आई पदर तोंडाला लावून हसायची, आणि खालून बाबांचा आवाज यायचा: "हसू नका रे, गाडी हलते!" तिला तो आजवर खेळच वाटत आला होता. पोरांची करमणूक व्हावी म्हणून बाबांनी काढलेला.

खेळ नव्हता तो. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच रबराला पीळ पडतो, आणि जन्मभर पिळलेलं राहिलेलं काहीही शेवटी चिरतंच. गाडी तिच्या रोजच्या ओझ्याखाली उभी करायची, मगच आवळायचं. बाकीचे लोक नुसती गाडी चाकांवर उभी करतात. बाबांना तेवढ्याने भागायचं नाही. "कोणाचं ओझं वाहायचंय, ते रबराला आधी कळू दे," असं ते म्हणायचे. प्रयोगशाळेत तराजूला पोरांचा धक्का लागू न देणाऱ्या थोरलीने हीच गोष्ट हसण्यावारी नेली होती.

आता उरला एकच सेट. तो वाया गेला की गाडी भंगारात आणि आईचं मावशीकडे जाणं कायमचं उद्यावर.

तिने धाकट्याला फोन लावला.

"डबा आहे का रे?"

"खोडरबर हवंय होय?"

"खोडरबरही हवंय आणि तूही. तुझं वजन लागणार आहे."

"माझं वजन या घरात कधी पडलंय?"

"यावेळी पडेल. नव्वद किलो तर असशीलच."

तो हसला नाही. पण सुट्टीच्या सकाळी गॅरेजच्या दारात उभा होता, डबा काखेत धरून. रबर ताजं होतं. त्याने मधेमधे नवी पावडर लावली असणार, हे वासावरून कळत होतं. थोरलीने नुसता पाना त्याच्या हातात दिला. सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

दोघांनी मिळून बुश बसवले, बोल्ट सैल ठेवले, चाकं चढवली. गाडी ढकलून खड्ड्यावर आणली. थोरली खाली उतरली. वर धाकट्याने ड्रायव्हरच्या सीटवर पोतं ठेवलं आणि हात तिथेच राहिला.

"आई, हे पोतं आता कोणाचं? बाबांचं?"

"खाली जो असेल त्याचं," आई तिच्या जागेवर टेकत म्हणाली. "ताईला पट्टा लाव."

त्याने लावला. मग मागच्या सीटवर आपल्या जुन्या जागी, आईच्या पाठीमागे, गुडघे पोटाशी घेऊन कसाबसा मावला. शेजारची ताईची जागा रिकामी होती.

"डिकीत वीट आहे. ती ठेवू का ताईच्या जागी?"

"नको," आई म्हणाली. "ती वीट तिची नाही."

"मग कोणाची?"

"मुकाट्याने बस. ती आवळतेय."

खालून पान्याची कुरकुर येत होती. धाकटा पुढे वाकून पोत्याच्या कानाशी म्हणाला, "ताई, खाऊ दे ना."

आईने पदर तोंडाला लावला. गाडी हलली. खालून थोरली ओरडणार होती ते वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने पाना खाली ठेवला आणि गाडी आपोआप थांबेपर्यंत वाट पाहिली. मग शेवटचा बोल्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी आईला मावशीकडे धाकट्याने नेलं. थोरली मागे बसली होती. वाटेत सगळी वळणं आली, सगळे खड्डे आले, आणि आई झोपून गेली.

या गाडीचे बुश बाबांनी पहिल्यांदा बदलले, तेव्हा धाकटा आईच्या पोटात होता आणि मागच्या सीटवर त्याच्या जागी बाबांनी कापडात गुंडाळून एक वीट ठेवली होती.