अर्धा बंद केलेला व्हॉल्व्ह

आमचे हे प्लंबर. यांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगली आणि रक्तातल्या प्लेटलेट्स फस्त करू लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, पोट उघडायचं नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून पाणथरीचं निम्मं रक्त बंद करू.

"म्हणजे व्हॉल्व्ह अर्धा बंद," यांनी मला समजावलं, जणू बाई यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या.

काम झालं. घरी सोडताना बाईंनी बजावलं, "चार-पाच दिवस ताप येईल, दुखेल. ते अपेक्षित आहे. पण नंतर पुन्हा ताप चढला, थंडी वाजली, तर तडक या." यांनी पहिलं तेवढं ऐकलं. पुढच्या वाक्याला यांचे कान बंद.

सहाव्या दिवशी ताप उतरला. नवव्या दिवशी असा चढला की दोन पांघरुणांखाली पलंग हलत होता. डाव्या बरगडीवर हात दाबून हे म्हणाले, "अपेक्षित आहे."

माझं डोकंच फिरलं. यांच्या गिऱ्हाइकांचे फोन बत्तीस वर्षं मी घेतेय. नवा जोड दिला की हे सांगणार, चार दिवस थेंब थेंब गळेलच, आणि पिशवी उचलून पुढच्या कामाला. शिव्या मी खायच्या. पण आता भांडून उपयोग नव्हता. यांना ताप समजत नाही, नळ समजतो.

"एक सांगा," मी म्हटलं. "थांबलेला जोड नवव्या दिवशी पुन्हा गळायला लागला तर?"

"नवव्या दिवशी?" हे तापातही चिडले. "मग आत काहीतरी बिघडलंय. लगेच उघडून बघायला हवं. असं कुठल्या मूर्खानं ठेवलंय?"

मी यांच्या बरगडीवरच्या हाताकडे बोट दाखवलं. हे म्हणाले, "रिक्षा बोलाव."

पाणथरीत पू झाला होता. बाईंनी कुशीतून दुसरी नळी घालून तो काढला. म्हणाल्या, अजून एक दिवस थांबला असतात तर हातचा माणूस गेला असता.

ताप उतरल्यावर यांनी विचारलं, "घाबरली होतीस?"

"हो," मी म्हटलं आणि नर्ससमोरच ढसाढसा रडले.

"अगं, त्या बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं.