एका पत्त्यावरच्या जावा

विनिताच्या श्रियाला आठवीत शाळा मिळेना. कोपरची तिची शाळा सातवीलाच संपायची, त्यापुढे हेडमास्तर हात जोडून गेट दाखवायचे. आणि गेटाबाहेर काय, तर रांगा. एका शाळेच्या रांगेत म्हणे एक बाप उभा राहिला तेव्हा त्याचं पोरगं पाटीवर ग म भ न गिरवत होतं. खिडकीपाशी पोचेपर्यंत त्या पोराला मिशा फुटल्या आणि तो बापालाच विचारायला लागला, पप्पा, माझ्या लग्नाचं काय ते बघा. खोटं वाटत असेल तर डोंबिवलीत कुणालाही विचारा. मिशीबद्दल फार तर वाद घालतील, रांगेबद्दल नाही घालणार.

विनिताने तीन शाळा पालथ्या घातल्या. पहिलीत शिपायानेच सांगितलं, जागा नाहीत, ते पण केळं खाता खाता. दुसरीत आईबापाचाच इंटरव्ह्यू. नवरा वागळे इस्टेटमध्ये लेथ मशीनवर आहे म्हटल्यावर आतल्या बाईने फाइल मिटली आणि एसी वाढवला. तिसरीत म्हणाले, पुढच्या वर्षी या.

"पुढच्या वर्षी कशाला? आठवी गाळून डायरेक्ट नववीत घालू का?" विनिताने विचारलं.

त्यांना तो जोक वाटला. सगळं ऑफिस हसलं.

राहिली ठाण्याची, वर्तकनगरची एक शाळा. विनिताचा नवरा सुदेश आणि त्याचा थोरला भाऊ संदेश, दोघं तिथेच शिकलेले. तिथे जागा होत्या, पण फक्त आसपास राहणाऱ्या पोरांना. शाळेची मॅडम घरी येऊन बघून जायची, मूल खरंच तिथे राहतं की नुसता पत्ता राहतो. श्रियाच्या आधार कार्डावर पत्ता अजून वर्तकनगरचाच होता. घर सासऱ्यांचं, ते गेल्यावरही त्यांच्याच नावावर, दोन खोल्या आणि गॅलरी. पूर्वी दोन्ही भावांचे संसार तिथेच होते. मग विनिता आणि तिची थोरली जाऊ संचिता यांचं एक भांडण झालं. असं झालं की तीन मजल्यांवरचे कुकर शिट्टी द्यायचे थांबले. सुदेश बायकोपोरीला घेऊन कोपरला भाड्याने गेला, आणि त्यानंतर दोघी जावांनी एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं. लग्नाकार्यात नाही तर बाराव्या-तेराव्याला गाठ पडलीच तर एक पंगतीला बसली की दुसरी ताटावरून उठायची.

म्हणजे पत्ता होता. त्या पत्त्यावर संचिता होती.

संदेशने भावाला फोनवर पत्त्याचं हो म्हणून टाकलं, बायकोला न विचारता. पुढे त्याचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. तो काही दिवस ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवला, एवढं पुरे. मग संचिताने आपण होऊन विनिताला फोन लावला.

"ये," ती म्हणाली. "माझ्या दारात यायचीच वेळ आलीय तर ये."

"पोरीसाठी येतेय, वहिनी."

"कुणासाठी का असेना. चपला बाहेर काढायच्या. मागे तू आत काढायचीस."

मॅडम बघायला येणार त्या शनिवारी सकाळी विनिता श्रियाला घेऊन पोचली, हातात दोन पिशव्या. पोर इथलीच वाटावी म्हणून सगळं आणलेलं. दोरीवर घालायला तिचे कपडे, फळीवर ठेवायला पुस्तकं, बेसिनवर टूथब्रश. संचिता मधोमध खुर्ची टाकून बसली आणि बघत राहिली. तिच्या बघण्याने दूध नासायचं. गल्लीतल्या डेअरीवाल्याने तिला हात जोडून सांगितलेलं, ताई, पिशवी घरपोच पाठवतो पण दुकानात येऊ नका.

"ब्रश तिथे नको. तिथे आमचे आहेत."

"मॅडम बघतील ना. एकत्र दिसायला हवेत."

"एकत्र म्हणजे बाजूला ठेव. चिकटवू नकोस."

श्रिया मोबाइलमधून मान वर काढून म्हणाली, "मम्मी, विचारलं तर सांगायचं काय? मी कुठे झोपते?"

"इथे. बाहेरच्या खोलीत."

"आणि तू नि पप्पा?"

उत्तर संचिताने दिलं. "गॅलरीत सांग. तुझ्या बापाला शोभते ती जागा."

विनिताने गिळलं. सकाळपासून तिने इतकं गिळलेलं की नाश्त्याची गरज उरली नव्हती. ती नुसती म्हणाली, "वहिनी, मॅडम असेपर्यंत जरा गोड बोलूया. नाही तर पोरीचं वर्ष जाईल."

"मी गोडच बोलते. तुझ्या कानात काय भरलंय ते तू बघ."

नीला मॅडम आल्या. पन्नाशी उलटलेली, कॉटनची साडी, गळ्यात चष्मा. शाळेत त्यांच्या नाकाचा दरारा होता. त्यांनी एकदा म्हणे नुसती डोअरबेल दाबली आणि जिन्यातूनच सांगितलं, हे लोक इथले नाहीत, कळव्याचे आहेत. घरमालक दार उघडायच्या आधी रडायला लागला. असले उसने पत्ते त्यांनी त्या महिन्यात पोत्याने पकडलेले.

मॅडम सोफ्यावर बसल्या. पाण्याच्या ग्लासाला हात लावला नाही. बेसिन बघितलं, दोरी बघितली. मग सहज विचारावं तसं श्रियाला विचारलं, "पाणी किती वाजता येतं गं तुमच्याकडे?"

"साडेसहाला," श्रिया म्हणाली. ते कोपरचं पाणी. इथलं पाचला येतं आणि सहाला जातंही.

मॅडमने कागदावर पेन टेकवलं.

"ती कुठची उठते हो त्या वेळेला," विनिता घाईने म्हणाली. "तिला काय माहीत पाण्याचं."

संचिताने एक शब्द टाकला असता तर निभावलं असतं. ती सोफ्याच्या कव्हरचा धागा ओढत बसली. आणि चेहऱ्यावर समाधान, नवस फळाला आल्यासारखं.

विनिता उठली. "वहिनी, तुम्ही बसा हं. मी चहा टाकते."

"अगं राहू दे," संचिता मधाळ आवाजात म्हणाली. "तू दमलीयेस. मी टाकते ना."

"छे, तुम्हीच तर पहाटेपासून राबताय."

"तुझ्याएवढं कुठे."

मॅडमने चष्मा काढला. "तुम्ही दोघी किती वर्षं एकत्र आहात?"

"माझं लग्न झाल्यापासून," विनिता म्हणाली.

"आणि एकमेकींशी असं बोलता?"

दोघी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"मलाही दोन जावा आहेत," त्या म्हणाल्या. "ऐन उमेदीची वर्षं एका घरात काढली आम्ही. तू दमलीयेस, हे वाक्य त्या घरात मी एकदाही ऐकलं नाही. उसना पत्ता असला ना, की माणसं फार गोड बोलतात. कालच एका घरात दिराने वहिनीला स्वतःच्या हाताने पोहे भरवले. त्यांच्या पोराचं काढलं नाव मी." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "चहा राहू द्या. मला अजून घरं करायचीत."

"चहा झालाच," विनिता म्हणाली आणि मॅडम उठायच्या आत स्वयंपाकघरात पळाली. चहा ठेवला तर बाई पाच मिनिटं तरी बसेल, तेवढ्यात काही सुचेल. डबे सगळे बदललेले. चहाची पावडर मिळेना, साखर मिळेना. पातेलं घ्यायला ती ओट्याखाली वाकली, आणि तिथेच राहिली.

ओट्याखाली परात होती. पितळेची, मोठी, कांदे-बटाट्यांनी भरलेली. काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, सौ. रमाबाई. रमाबाई म्हणजे विनिताची आई. लग्नात तिने लेकीला दिलेली परात ही. कोपरला जाताना सामान बांधलं तेव्हा ती सापडेना, आणि संचिताने देव्हाऱ्यावर हात ठेवून सांगितलेलं, मी बघितली पण नाही. पुढल्याच वर्षी आई गेली. भावांनी घर विकलं. आईच्या हाताचं म्हणावं असं विनिताकडे काही उरलं नाही.

आता बोललं तर सगळं बाहेर येणार. ती उठली, गॅस पेटवला, पाणी चढवलं. पोरीची आठवी, पोरीची आठवी, असं मनात चाललेलं. बोललीही नसती.

पण संचिता दारात येऊन उभी राहिली. तिने विनिताची नजर बघितली, ओट्याखाली बघितलं, आणि हळूच विचारलं, "काय गं? बटाटे हवेत का?"

विनिताने परात ओढली. बटाटे गडगडत बाहेरच्या खोलीत गेले, एक मॅडमच्या पायाशी जाऊन थांबला.

"हे काय आहे, वहिनी?"

"परात."

"कुणाची?"

"बटाट्यांची."

"आईचं नाव आहे यावर. देवावर हात ठेवलेला तुम्ही."

"ठेवलेला. तेव्हा नव्हती. मग माळ्यावर सापडली."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का परत?"

"माझी आई गेली, तुम्ही बाराव्याला जेवून गेलात. तिच्या परातीत कांदे भरून ठेवलेले घरी, आणि तिथे डोळे पुसत होतात. चोरटी बाई."

"चोरटी कुणाला म्हणतेस? माझा मिक्सर कुणी जाळला? सासूबाईंच्या दुखण्यात रात्र रात्र मी जागायची आणि तू आत पंखा लावून झोपायचीस, ते विसरलीस?"

"पंखा मी आणलेला. माझ्या पगाराचा."

"पगाराचा. लाइट बिल कुणाच्या पगाराचं होतं?"

आवाज असे चढले की समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं, आणि तरी त्यांना सगळं ऐकू आलं. गॅलरीतली कबुतरं उडाली ती थेट येऊरच्या जंगलात जाऊन बसली, अजून परतलेली नाहीत. चहाचं पाणी उकळून उकळून आटून गेलं.

आणि बाहेर नीला मॅडम सोफ्यावर परत नीट टेकून बसल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ते पहिल्यांदा संचिताला दिसलं. ती बोलता बोलता थांबली. पदर खोचला, बाहेर आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हीच न्याय करा. आम्ही एका घरात राहतो. एका घरातल्या भांड्यात माझं-तुझं असतं का? ही वेगळी राहत असती तर गोष्ट वेगळी. तर मी आत्ताच्या आत्ता हिच्या हातात परात दिली असती." मग ती विनिताकडे वळली. "सांग गं मॅडमना. वेगळी राहतेस का तू?"

विनिता परात छातीशी धरून उभी होती. श्रिया सोफ्यावरून उठलेली. मोबाइल खाली, नजर आईवर. मॅडमपण बघत होत्या.

"नाही," विनिता म्हणाली.

"जरा मोठ्याने सांग."

"नाही. इथेच राहते."

"मग परात कुणाची?"

विनिताचा अंगठा काठावरच्या नावावर होता. तो तिने उचलला.

"घराची," ती म्हणाली.

संचिताने तिच्या हातातून परात काढून घेतली. "श्रिया, बटाटे वेच गं," ती म्हणाली. "ह्यातच टाक."

श्रियाने आईकडे बघितलं. मग पोर गुडघ्यावर बसून बटाटे वेचायला लागली. मॅडमच्या पायाजवळचासुद्धा वेचला.

"हे मला पटलं," नीला मॅडम म्हणाल्या आणि उठल्या. "असं भांडायला एक घर लागतं. सोमवारी फी भरा, हिची जागा धरते मी. आणि शाळा सुरू झाली की मी परत येणार आहे, न सांगता. सकाळी येईन, रात्री येईन, माझं काही सांगता येत नाही. मागच्या वर्षी दिवाळीनंतर एकाचं नाव काढलंय मी, तो पोरगा पहिल्या नंबरावर होता."

त्या गेल्या. जिन्यावरचा त्यांचा पाय वाजायचा थांबला तशी संचिता म्हणाली, "झालं ना तुझं काम? आता आवर आणि निघ. मला जेवण करायचंय."

"परात द्या, वहिनी."

"आत्ता मॅडमसमोर काय बोललीस?"

"घराची आहे, असं बोलले."

"मग?"

विनिताने फोन काढून सुदेशला लावला.

"अहो, जागा मिळाली," ती म्हणाली. "हो, मिळाली. ऐका, आम्ही परत येत नाही. कोपरच्या मालकाला सांगा, महिनाअखेर घर सोडतोय... इथेच राहायचं. हो, वहिनींकडे. मॅडम कधीपण टपकतील... ते भाऊजींना तुम्ही सांगा. घर सासऱ्यांचं आहे, तुम्ही पण मुलगेच आहात त्यांचे. येताना टेम्पोत गाद्या टाका."

"कुणाला विचारून?" संचिता म्हणाली.

"एका घरात राहतो ना आपण. तुम्हीच सांगितलंत मॅडमना."

संचिताने संदेशला फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्याला भावाचा फोन आधी पोचलेला असणार, कारण तो शहाणा माणूस होता आणि त्या रात्रीही कँटीनमध्येच जेवला.

विनिता स्वयंपाकघरात गेली. परातीतले कांदे-बटाटे तिने कोपऱ्यात जमिनीवर ओतले, नळाखाली परात धरली, दोनदा घासली. संचिता दारात उभी राहून बघत होती. दूध असतं तर नासलं असतं.

"मी आमटीत तिखट जास्त घालते," शेवटी ती म्हणाली. "तुझ्या पोरीला सोसणार नाही."

"घाला," विनिता म्हणाली, आणि पिठाचा डबा शोधायला लागली.